वाणिज्य व व्यवस्थापन संशोधनाची साधने आणि महाविद्यालयीन ग्रंथालय : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा : ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या विद्यार्थ्याला संशोधनाची साधने महाविद्यालयीन ग्रंथालयातून कितपत मिळतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. ई-साधने वाढली, तरी ज्या उद्योगांच्या आणि बँकांच्या शेजारी ही महाविद्यालये उभी आहेत त्यांच्याविषयीची साधने ग्रंथालयात जमा होत नाहीत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : महाविद्यालयीन ग्रंथालय, वाणिज्य संशोधन, एन-लिस्ट, नागरी सहकारी बँका, स्थानिक साधने, ठाणे जिल्हा.

प्रस्तावना

वाणिज्य आणि व्यवस्थापन या विषयांतील प्रकल्प, लघुप्रबंध आणि प्रबंध यांच्या शेवटी जोडलेली संदर्भसूची वाचण्याची सवय फारशी कोणाला नसते. परीक्षकही बहुधा तक्ते पाहतो, गृहीतकांची चाचणी झाली की नाही हे तपासतो, सूचीची पृष्ठे चाळतो आणि पुढे जातो. वास्तविक अभ्यासकाने काय वाचले, कुठून मिळवले आणि काय शोधण्याचा प्रयत्नच केला नाही, हे त्या सूचीइतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठेही दिसत नाही. आपल्या परिसरातील सूची लक्षपूर्वक वाचल्या तर त्यांचा एक ठरावीक साचा दिसून येतो. संशोधनपद्धतीवरील दोन-तीन सर्वपरिचित पाठ्यपुस्तके, विषयावरील एखादे परदेशी पाठ्यपुस्तक, महाविद्यालयीन परिषदांच्या इतिवृत्तांतील काही लेख आणि अखेरीस पाच-सात संकेतस्थळे. काही सूचींत तर चक्क शोधयंत्राचेच नाव संदर्भ म्हणून दिलेले असते! विचारलेला पत्ता सांगण्याऐवजी रिक्षावाल्याचे नाव सांगावे, तसाच हा प्रकार होय.

अशा अभ्यासांचा मुख्य आधार म्हणजे प्रश्नावली. शंभर उत्तरदाते, सोयीनुसार निवडलेला नमुना, समाधान आहे की नाही याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी, आणि त्यावरून काढलेली टक्केवारी. प्रश्नावली ही पद्धत म्हणून गैर नाही. तथापि आपल्याकडे ती विचारपूर्वक निवडली जात नाही, तर अन्य साधने हाती नसल्यामुळे गळ्यात पडते, असे माझे मत आहे. ज्याला कंपनीचा वीस वर्षांचा ताळेबंद कुठे मिळतो हे ठाऊक नाही, तो कंपनीच्या दाराशी उभा राहून ग्राहकांना प्रश्न विचारणार, हे ओघानेच आले.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. हा अभ्यासक्रम बंद केला. (ही पदवी धारण करणाऱ्यांची गणना आता एखाद्या संपुष्टात आलेल्या संस्थानाच्या मानकऱ्यांत करावयास हरकत नाही.) एम.फिल.च्या दोन वर्षांत अभ्यासक साधने शोधावयास शिकत असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या चार वर्षांच्या पदवीत ते शिक्षण चौथ्या वर्षात, ‘संशोधनासह ऑनर्स’ या मार्गात, आले आहे. म्हणजेच विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयात बसून होणारे काम आता विशीतल्या विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून करावे, अशी अपेक्षा आहे. ते ग्रंथालय त्यास कितपत सिद्ध आहे, हे पाहणे म्हणून अगत्याचे ठरते.

वर्गांकांत विखुरलेला विषय

वाणिज्याचा विद्यार्थी ग्रंथालयात शिरतो तेव्हा त्याचा विषय त्याला एका जागी सापडत नाही. मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. आपल्याकडील बहुसंख्य महाविद्यालयीन ग्रंथालये हीच पद्धती वापरतात. या पद्धतीत अर्थशास्त्र ३३० मध्ये, वित्त व बँकिंग ३३२ मध्ये, सहकार ३३४ मध्ये, उद्योग ३३८ मध्ये जातात. लेखाशास्त्रासाठी मात्र ६५७ आणि व्यवस्थापनासाठी ६५८ गाठावे लागते. कारण ड्यूईंच्या दृष्टीने पहिली समाजशास्त्रे आणि दुसरी उपयोजित विद्या. व्यापारविषयक कायदे ३४६ मध्ये, आणि ज्याला ठाणे जिल्ह्याच्या व्यापाराचा इतिहास हवा आहे त्याला गॅझेटिअर शोधण्यासाठी थेट ९५४ म्हणजे भारताच्या इतिहासाच्या कपाटापर्यंत जावे लागते. डोंबिवलीतील एखाद्या सहकारी बँकेच्या थकीत कर्जांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची पुस्तके अशा रीतीने किमान चार कपाटांत विखुरलेली असतात.

वर्गीकरणाचा हा दोष नव्हे. प्रत्येक पद्धतीत कुठेतरी विषयाचे तुकडे पडणारच. ते तुकडे पुन्हा जोडून देणे हे ग्रंथपालाचे आणि शिक्षकाचे काम आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. आपल्याकडे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘ग्रंथालय परिचय’ म्हणून जी अर्ध्या तासाची फेरी घडवली जाते, तीत ओळखपत्र, पुस्तक परत करण्याची मुदत आणि विलंबशुल्क यांची माहिती मिळते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ३३२ आणि ६५८ यांचे नाते सांगितले जाते, असे क्वचितच आढळते.

संगणकीय तालिकेने हा प्रश्न सुटेल, अशी अपेक्षा होती. इन्फ्लिबनेटची ‘सोल’ ही प्रणाली किंवा ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली अनेक महाविद्यालयांत आली, पुस्तकांना बारकोड लागले. परंतु मराठी पुस्तकांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण उभी राहिली. ‘सहकार’ हा शब्द कुणी देवनागरीत नोंदवतो, कुणी रोमन लिपीत, आणि रोमन लिपीतही त्याची दोन-तीन लेखने होतात. विद्यार्थी एका लेखनाने शोधतो आणि पुस्तक दुसऱ्या लेखनाखाली निवांत पडून असते. शोधगंगेवरील मराठी प्रबंधांच्या शीर्षकांबाबतही हाच अनुभव येतो. पुस्तक कपाटात आहे, तालिकेतही आहे, आणि तरीही ते सापडत नाही. मराठीतून वाणिज्याचे संशोधन होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी या साध्या गोष्टीकडे एकदा पाहावयास हवे. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने अर्थशास्त्र व वाणिज्यशास्त्र या विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केलेले आहेत. त्यांतील संज्ञा तालिकेच्या विषयशीर्षकांत वापरल्या असत्या, तर निदान मराठी संग्रहापुरता हा घोळ टळला असता.

एन-लिस्ट आणि त्याची मर्यादा

महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या इतिहासात २०१० साली सुरू झालेल्या एन-लिस्ट या योजनेचे स्थान मोठे आहे, यात शंका नाही. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत अनुदानित महाविद्यालयांना नाममात्र वार्षिक शुल्कात हजारो ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके उपलब्ध झाली. ज्या महाविद्यालयात पूर्वी दहा-बारा छापील नियतकालिके येत, तेथील शिक्षकाला एकाएकी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने-नवे अंक घरबसल्या वाचता येऊ लागले. ‘घरबसल्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एन-लिस्टचा प्रवेश व्यक्तिगत सदस्यनाम आणि परवलीच्या शब्दाने मिळतो, त्यासाठी महाविद्यालयाच्या आवारात असावे लागत नाही. बदलापूर, टिटवाळा, शहापूर येथून लोकलने येणाऱ्या, दुपारनंतर एखाद्या लेखापालाच्या कार्यालयात उमेदवारी करणाऱ्या आणि म्हणून ग्रंथालयाच्या वेळेत ग्रंथालयात कधीच नसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही केवढी मोठी सोय! दुर्दैवाने हे खाते आपल्यालाही मिळू शकते, याची वार्ता पुष्कळ विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. शिक्षकांची खाती उघडली जातात, मूल्यांकनाच्या वर्षी विद्यार्थ्यांच्याही याद्या पाठवल्या जातात, आणि परवलीचा शब्द एकदा विसरला की ते खाते पुन्हा उघडले जात नाही.

तथापि वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या दृष्टीने या योजनेचा तोल पहिल्यापासून थोडा ढळलेला आहे. तिच्या संग्रहात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या विद्वत्सभांची नियतकालिके ठळकपणे आहेत. व्यवस्थापनाच्या अभ्यासकाला लागणारी विशिष्ट साधने वेगळ्या प्रकारची असतात. त्याला केवळ लेख नको असतात. कंपन्यांची आर्थिक आकडेवारी हवी असते. सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी ही संस्था १९७६ पासून हे काम करते आहे आणि तिचा ‘प्रोवेस’ हा डेटाबेस भारतीय कंपन्यांवरील संशोधनात सर्रास वापरला जातो. ‘कॅपिटालाइन’ हे त्याच जातीचे दुसरे साधन. यांची वर्गणी मोठ्या व्यवस्थापन संस्थांना परवडते, पदवी महाविद्यालयाला नाही. म्हणून एकाच विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकजण तीनशे कंपन्यांची वीस वर्षे तपासतो आणि दुसरा शंभर लोकांना प्रश्नावली भरावयास देतो. गुणपत्रिकेवर दोघांच्याही कामाचे नाव ‘संशोधन प्रकल्प’ असेच असते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक आणि सुमारे १३,००० ई-नियतकालिके, असा तिचा आवाका आहे. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, सेज यांसारखे प्रकाशक एका करारात आल्याने व्यवस्थापनशास्त्राची अनेक नामवंत नियतकालिके प्रथमच सरकारी संस्थांच्या आवाक्यात आली. पण मंजुरीच्या शब्दांत लाभधारक आहेत त्या केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील उच्च शिक्षण प्रामुख्याने उभे आहे ते खासगी शिक्षण मंडळांनी चालवलेल्या अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांवर. नगरातील नागरिकांनी वर्गणी काढून मंडळ स्थापन करावे, त्याने शाळा आणि पुढे महाविद्यालय काढावे, ही या परिसराची परंपरा. शासनाच्या व्यवस्थापनाची अट लावली की हीच परंपरा विद्यार्थ्याच्या आड येते. शिवाय ही वर्गणी नियतकालिकांची आहे. कंपन्यांच्या आकडेवारीचा प्रश्न तिने सुटत नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. विनामूल्य असलेले सर्वच साहित्य दुय्यम दर्जाचे असते, हा समज चुकीचा आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे ‘विकल्प’ आणि बंगळूरच्या संस्थेचे ‘आयआयएमबी मॅनेजमेंट रिव्ह्यू’ ही नियतकालिके खुली आहेत. रिझर्व्ह बँकेचे ‘ऑकेजनल पेपर्स’ कोणीही उतरवून घेऊ शकतो. सूचिबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर पैसे न देता मिळतात. इतर कंपन्यांची सार्वजनिक कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, २००६ साली सुरू झालेल्या ‘एमसीए-२१’ या यंत्रणेत अल्प शुल्क भरून पाहता येतात. प्रोवेस नसेल, तर दहा कंपन्यांचे दहा वर्षांचे अहवाल हाताने उतरवून काढणे कष्टाचे असले तरी अशक्य नाही. किंबहुना ताळेबंद वाचावयास शिकण्याचा तोच उत्तम मार्ग आहे. परंतु हे सांगणारे कोणीतरी असावे लागते.

एक उदाहरण : नागरी सहकारी बँका

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी या परिसराला अत्यंत जवळचा विषय घेऊ. १९७० च्या दशकाच्या आरंभी ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथे नोकरदार मध्यमवर्गाने ज्या बँका उभ्या केल्या, त्या म्हणजे ठाणे जनता, डोंबिवली नागरी आणि कल्याण जनता या सहकारी बँका. लोकलने मुंबईला जाणाऱ्या माणसाची ठेव आणि वागळे इस्टेट किंवा डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाचे कर्ज, यांची सांगड घालणारी ही व्यवस्था होती. २००१ मध्ये माधवपुरा बँकेचे संकट आले, सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, आणि २०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. या सर्व काळात या तीन नगरांतील बँकांचे काय झाले, हा कोणाही वाणिज्य विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा विषय आहे. ज्यांच्या आयुष्याची पुंजी अशा बँकांत असते, त्यांच्या घरांतील मुलेच आपल्या वर्गात बसलेली असतात.

आता त्याने साधने शोधावीत. सामान्यतः तो रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जातो, जिल्हावार ठेवी आणि कर्जे यांचा तक्ता त्याला सापडतो, आणि ठाणे जिल्ह्याचे आकडे तो उतरवून घेतो. हे आकडे अनुसूचित व्यापारी बँकांचे असतात. नागरी सहकारी बँका त्यांत धरलेल्या नसतात. म्हणजे ज्यांचा अभ्यास करावयाचा, त्याच वगळलेल्या! तक्त्याखालची टीप वाचली तर हे कळते. पण टीप वाचण्याची सवय वर्गात कोणी लावलेली नसते. सहकारी बँकांची एकत्रित आकडेवारी रिझर्व्ह बँकेच्या ‘ट्रेंड अँड प्रोग्रेस ऑफ बँकिंग इन इंडिया’ या वार्षिक प्रकाशनातील स्वतंत्र प्रकरणात मिळते. ती संपूर्ण देशाचे चित्र देते. एका नगरातील एका बँकेसाठी मात्र त्या बँकेचा वार्षिक अहवालच पाहावा लागतो.

आणि येथेच ग्रंथालयाचे खरे अपयश दिसते. सहकारी बँकेचा अहवाल दरवर्षी छापला जातो, सभासदांना वाटला जातो. त्यात ताळेबंद, नफातोटा पत्रक, थकबाकीचे वर्गीकरण, संचालकांचे निवेदन असे सारे असते, आणि बहुधा ते मराठीतही असते. संकेतस्थळावर अलीकडची काही वर्षे सापडतात. १९८० किंवा १९९५ चा अहवाल कुठे आहे? तो कुणा सभासदाच्या माळ्यावर असेल, नाहीतर रद्दीत गेला असेल. बँकेपासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो असावयास हवा होता. त्याच ग्रंथालयात विपणनावरील एका परदेशी पाठ्यपुस्तकाच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्या शिस्तीने ओळीत उभ्या असतात.

पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकार व्यवस्थापन संस्थेत किंवा गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात सहकारावरील समृद्ध संग्रह आहे. गंभीर अभ्यासकाने तेथे जावेच. तथापि पदवीच्या विद्यार्थ्याला दर वेळी पुण्याला पाठवणे हे उत्तर असू शकत नाही.

जिल्हा बदलतो, आकडे बदलत नाहीत

स्थानिक साधने वापरताना सावधगिरी बाळगावी लागते, आणि ती शिकवणे हेही ग्रंथालयाच्या कक्षेत येते. राज्य शासनाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयातर्फे प्रत्येक जिल्ह्याचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ प्रसिद्ध होते. कारखाने, कामगार, बँकशाखा, सहकारी संस्था यांची तालुकावार आकडेवारी मराठीतून देणारे हे अत्यंत उपयुक्त साधन आहे. वाणिज्य शाखेच्या प्रबंधांत त्याचा उल्लेख फारच विरळ.

परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. पंधरा तालुक्यांपैकी आठ पालघरला गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर आणि मुरबाड हे सात राहिले. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि वसईचा उद्योगपट्टा त्याबरोबर गेला. आता एखाद्या विद्यार्थ्याने २०१० ते २०२० या काळातील ठाणे जिल्ह्याच्या कारखान्यांची संख्या एका आलेखावर मांडली, तर २०१४ नंतर मोठी घसरण दिसेल, आणि तो तिचे खापर मंदीवर, जमिनीच्या किमतींवर किंवा शेजारच्या गुजरातवर फोडेल. वास्तविक कारखाने होते तिथेच असतील. जिल्ह्याची रेषा सरकली. २०११ च्या जनगणनेतील १ कोटी १० लाख ६० हजार १४८ ही लोकसंख्याही अविभाजित ठाण्याची. त्यानंतर २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून पुढेही अनेक प्रकल्पांत हाच आकडा आजच्या ठाणे जिल्ह्याचा म्हणून येत राहिला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या बाबतीत तीच गत. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या महापालिकेतून २७ गावे २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. दरडोई मालमत्ताकर काढणाऱ्या अभ्यासकाने कोणत्या वर्षी महापालिका केवढी होती हे न पाहता भागाकार केला, तर त्या भागाकाराला काहीच अर्थ उरत नाही.

जुन्या साधनांविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण त्यांच्याकडे वाणिज्य शाखेचे लक्ष अजिबात जात नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतील ठाणे जिल्ह्याचा तेरावा खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघाला. त्यातील ‘भांडवल’ आणि ‘व्यापार’ ही प्रकरणे म्हणजे एकोणिसाव्या शतकातील सावकारी, व्याजाचे दर, मजुरी, किमती आणि रेल्वे आल्यानंतर बदललेल्या मालवाहतुकीचा दस्तऐवजच आहे. १८५३ मध्ये पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली, एवढे सर्वांना पाठ असते. त्या गाडीने कल्याणच्या बंदराचा आणि बाजाराचा व्यापार कसा फिरवला, हा व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याचा विषय आहे असे कुणाला वाटत नाही. अर्थात कॅम्पबेल यांचा ग्रंथ हे वसाहतीच्या प्रशासनाचे साधन आहे, सावकार आणि कुळे यांच्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी महसूल अधिकाऱ्याची आहे. वाचताना हे भान ठेवावेच लागते. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने हे खंड डिजिटल स्वरूपात उपलब्ध केल्यामुळे ते मिळत नाहीत असे म्हणावयास आता जागा नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांची बाजूही अशीच दुर्लक्षित. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. या संस्थांकडे आपण साहित्याची माहेरघरे म्हणून पाहतो. जुन्या नियतकालिकांतील जाहिराती, दुकानांची निवेदने, मालाचे भाव, पतपेढ्यांच्या सूचना हे सारे व्यवसायाच्या इतिहासाचे साधन होय, ही दृष्टी वाणिज्य विभागाने बाळगली तर महाविद्यालय आणि वाचनालय यांत सहकार्य होऊ शकेल. मराठीत अर्थविषयक नियतकालिके नाहीत, हा समजही खरा नाही. भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीची ‘अर्थबोधपत्रिका’, मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’, मराठा चेंबरचे ‘संपदा’ आणि उद्योजकता विकास केंद्राचे ‘उद्योजक’ ही नावे येथे घेता येतील. आपल्या महाविद्यालयांच्या नियतकालिकांच्या मांडणीवर यांतील किती अंक दिसतात?

मूल्यांकन आणि नियतकालिके

नॅकच्या निकषांत ग्रंथालयाला ‘अध्ययन-साधन’ म्हणून स्वतंत्र स्थान आहे, आणि त्यामुळे ग्रंथालयांवर खर्च होऊ लागला हे मान्य करावे लागेल. परंतु मोजले जाते ते पुस्तकांवरील आणि ई-साधनांवरील खर्च, वर्गणीची पावती, रोज येणाऱ्या वाचकांची सरासरी. लॉगिन किती झाली हे मोजता येते. त्यातून एखाद्या प्रकल्पाचा प्रश्न बदलला का, हे मोजण्याची पद्धत नाही. ग्रंथपालाला दोष देणे येथे अन्यायाचे होईल. अनेक महाविद्यालयांत एका ग्रंथपालाने पुस्तकांची देवघेव, अहवाललेखन, परीक्षेची कामे असे सारे सांभाळावयाचे असते, काही ठिकाणी ते पदच वर्षानुवर्षे रिक्त राहते. अशा व्यक्तीकडून प्रत्येक प्रकल्पाला संदर्भसेवा मिळेल, ही अपेक्षा अवास्तव आहे. ती जबाबदारी प्रथमतः मार्गदर्शक शिक्षकाची आहे.

आणि शिक्षक काय वाचतात? २०१० नंतर बढतीचे गुण प्रसिद्ध लेखांच्या संख्येशी जोडले गेले, आणि बहुविद्याशाखीय नियतकालिकांचे पीक आले. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावे वगळली, पुढे ‘केअर’ यादी आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही थांबवून नियतकालिक निवडण्याचा विवेक संस्थांवर सोपवला. या सात-आठ वर्षांत आम्ही शिक्षकांनी ‘हे नियतकालिक यादीत आहे का?’ एवढाच प्रश्न विचारला. ‘त्यात काय लिहिले आहे?’ हा प्रश्न मागे पडला. यादी नाहीशी झाल्यावर आता वाचूनच ठरवावे लागेल. महाविद्यालयांनी काढलेली नियतकालिकेही, हे नियतकालिक धरून, या कसोटीतून सुटू नयेत. एक साधी पाहणी कोणालाही करता येईल. गेल्या पाच वर्षांत या परिसरातील उद्योगांवर आपण जे लेख छापले, त्यांपैकी कितींच्या सूचीत एकतरी वार्षिक अहवाल, एकतरी न्यायनिर्णय किंवा एकतरी शासकीय चौकशी अहवाल आहे, एवढेच मोजावे.

कारण विषयांची वाण नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६२ नंतर ज्या वसाहती प्रथम उभ्या केल्या त्यांत वागळे इस्टेट होती. आज तेथे गाळ्यांपेक्षा कार्यालयांच्या काचा अधिक दिसतात. कल्याणजवळ मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला, आणि एक वसाहतच्या वसाहत बेकार झाली. असा कारखाना बंद होतो तेव्हा त्याची कागदपत्रे कुठे जातात? आजारी उद्योगांची प्रकरणे पाहणारे औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ १ डिसेंबर २०१६ पासून संपुष्टात आले, आणि दिवाळखोरीची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे गेली. न्यायाधिकरणाचे आदेश सार्वजनिक आहेत, पण ‘ग्राहक समाधान’ शिकलेल्या विद्यार्थ्याला ते वाचण्याचे शिक्षण नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले, माणसे मृत्युमुखी पडली. पहिल्या स्फोटानंतर चौकशी समितीही नेमली गेली. सुरक्षाव्यवस्थापन हा ज्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्या महाविद्यालयांच्या खिडक्यांना या स्फोटांचे हादरे बसले असतील. त्यांच्या ग्रंथालयात औद्योगिक सुरक्षेवरील उदाहरणे मात्र परदेशी पाठ्यपुस्तकांतूनच येतात.

स्थानिक संग्रहासाठी फार मोठा निधी लागत नाही. ठाण्याच्या लघुउद्योजकांची ‘टिसा’ आणि कल्याण-अंबरनाथ परिसरातील कारखानदारांची ‘कामा’ या संघटना वर्षानुवर्षे कार्यरत आहेत. त्यांच्या सदस्यसूची, निवेदने आणि स्मरणिका मागितल्या तर मिळू शकतील. पूर्वी ग्रंथालयांत वृत्तपत्रीय कात्रणांच्या विषयवार फायली ठेवीत. ती पद्धत संगणक आल्यावर जुनाट ठरली आणि मोडीत निघाली. स्थानिक उद्योगांपुरती ती पुन्हा सुरू करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची महाविद्यालये एकाच रेल्वेमार्गावर आहेत. एकाने बँकांचे अहवाल, दुसऱ्याने औद्योगिक वसाहतींची कागदपत्रे, तिसऱ्याने महापालिकांचे अर्थसंकल्प जपावयाचे आणि परस्परांच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बसू द्यावयाचे, अशी वाटणी सहज शक्य आहे.

सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, घ्याव्या लागतात. त्यापूर्वी अहवाल छापून सभासदांच्या घरी जातात. आपल्या प्रत्येक महाविद्यालयातील अध्यापकांत आणि कर्मचाऱ्यांत अशा बँकांचे आणि पतसंस्थांचे सभासद आहेत. त्यांनी आपापल्या प्रती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथालयात जमा केल्या आणि ग्रंथपालाने त्यांवर ३३४ हा वर्गांक घालून वर्षाच्या क्रमाने त्या लावल्या, तर या संग्रहाचे पहिले कपाट त्याच वर्षी उभे राहील.